पंधरावा ग्लास

केप कोस्ट, घाना
७ ऑगस्ट १९७४

प्रिय शामलाताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. "शाळेचं पुरे झालं, तिथं पाहण्यासारखं काय हाये ते लिव म्हणा त्याले," असं बाबांचं फर्मान निघाल्याचं वाचून हसू आलं. म्हणणं मात्र रास्त आहे. गणित काय, मी नागपुरातही शिकवत होतोच. आणि तू माझी पत्रं दर रविवारी विहारात सगळ्यांपुढे वाचतेस म्हटल्यावर मलाही जरा नटवूनच लिहिलं पाहिजे.

तर ऐका. समुद्र आमच्या शाळेच्या मागेच आहे. सकाळी कोळ्यांच्या होड्या निघतात, लाल-पिवळ्या-निळ्या रंगवलेल्या, आणि प्रत्येकीवर काहीतरी म्हण लिहिलेली, आपल्याकडे ट्रकच्या मागे असते तशी. रविवारी लोक नटूनथटून चर्चला जातात, दुपारी वाळूत फुटबॉल, संध्याकाळी बँडवर नाच. साठ वर्षांची बाईसुद्धा नाचते आणि कुणी तिला काही म्हणत नाही. बाबांना सांग, इथलं संत्रं हिरवं असतं. बायका पात्याने वरची साल सुरेख तासतात, टोक कापतात आणि माणूस ते चोखून टाकून देतो. फोड म्हणून कुणी सोडवत नाही.

परवाच्या रविवारी इथल्या आपल्या भारतीय मंडळाची सहल किल्ल्यावर गेली. पांढराशुभ्र, समुद्रात पाय सोडून बसलेला किल्ला. तोफा अजून ओळीने उभ्या आहेत. आमच्या शाळेत इतिहास शिकवणारा एबो आम्हाला दाखवायला आला होता. मी इथे आल्यापासून मला गावभर फिरवणारा माणूस हाच. पहारेकरी त्याच्या मामाचा स्नेही, म्हणून सगळी कुलपं उघडली. खाली तळघरं आहेत, तिथे पूर्वी व्यापाराचा माल ठेवत. वर चौकात आम्ही सतरंज्या टाकल्या, पुरीभाजी खाल्ली, अंताक्षरी झाली. मंडळात नागपूरचंही एक कुटुंब आहे, कृष्णकांतराव आणि त्यांच्या पत्नी देवकीबाई. चहा त्यांनी स्टोव्हवर केला. एबोला दुधाच्या रिकाम्या डब्यात चहा दिला, तो मजेत प्याला आणि डबा नळावर धुऊन माझ्या हातात आणून दिला. फार सज्जन माणूस आहे.

पुढच्या महिन्यात मोठ्या धरणावर बोटीने जाणार आहोत.

तुझा,
चंद्रभान

इंदोरा, नागपूर
१ सप्टेंबर १९७४

प्रिय चंद्रभान,

जयभीम. पत्र आज विहारात वाचलं. साठ वर्षांच्या बाईच्या नाचावर बायका इतक्या हसल्या की मला दोनदा थांबावं लागलं. संत्र्यावर बाबा बिघडले. म्हणाले, "चोखून फेकते? त्याईले म्हणा, नागपूरले या एकदा." बाबा शेजारी नकाशाचं पुस्तक उघडून बसले होते. केप कोस्टवर त्यांनी इतक्या वेळा पेन्सिलीचं टोक टेकवलंय की तिथे आता भोक पडायचं बाकी आहे.

चहाच्या ओळीपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे बाबांनी हात वर केला. "थांब वं. ते पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. बाबा म्हणाले, "डबा त्यानंच काहून धुतला? अन् ग्लास कमी पडले होते काय?" मी म्हटलं, विचारते. तर विचारते आहे.

आणखी एक विचारायला सांगितलंय. तळघरात माल कोणता ठेवत? बाबांना वाटतं कापूस असेल. गिरणीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला माल म्हटलं की गासड्याच दिसतात.

आणि माझा आपला एक प्रश्न. तुझ्या पत्राच्या डोक्यावर आधी जयभीम असायचा. हे तिसरं पत्र, की त्याचा सप्रेम नमस्कार झाला. बाबांनी अजून हेरलं नाही, कारण तेवढं मी वाचताना बदलते.

शामला

केप कोस्ट
२९ सप्टेंबर १९७४

प्रिय ताई,

बाबांना सांग, ग्लास कमी पडले होते. सहलीत असं होतं. त्यात एवढं काही नाही.

धरण पाहून आलो. पाणीच पाणी. बोटीवर कोंबड्या, रताळी, सायकली, एक पाद्री आणि आम्ही. मधोमध पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले दिसतात. ती बुडालेल्या गावांची झाडं आहेत, असं एबो म्हणाला. मासा आणि आंबवलेल्या मक्याचा गोळा खाल्ला, वर ताडाचा ताजा रस. वाचून दाखवताना रस म्हण, दुसरं काही म्हणू नकोस.

आता एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी. हे पान विहारात वाचू नकोस, बाबांनाही दाखवू नकोस.

देवकीबाई दिवाळीला माहेरी येत आहेत, धरमपेठेत. जानेवारीपर्यंत राहतील. मी त्यांच्याजवळ घरासाठी एक पुडकं दिलंय. कोकोचे डबे आहेत आणि तुझ्यासाठी इथलं छापील कापड. त्या घरी आणून देतो म्हणत होत्या. मी म्हटलं, नको, माझी बहीण येऊन घेऊन जाईल. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. तू एकटी जा. गेलीस की "देशमुखांकडून आले" एवढंच सांग.

रागावू नकोस. माझ्या पासपोर्टवर नुसतं चंद्रभान मारोतराव आहे, हे तुला ठाऊक आहे. शाळेत तेवढ्याने भागतं. पण पहिल्याच दिवशी कृष्णकांतरावांनी विचारलं, "नागपूरचे? वा! आडनाव काय?" आपल्या माणसांत हा प्रश्न पाण्याच्या पेल्याआधी येतो. माझ्या तोंडून देशमुख निघून गेलं. मग ते परत घेता आलं नाही. इथे आपलं बोलायला दहा-अकरा माणसं आहेत, ताई. रविवारी त्यांच्याकडे वरण-भात मिळतो. चार तास मराठी ऐकू येतं. मी पत्रंही पुष्कळदा त्यांच्याच टेबलावर बसून लिहितो, म्हणून वर जयभीम नसतो.

एवढं सांभाळून घे.

चंद्रभान

इंदोरा, नागपूर
२० ऑक्टोबर १९७४

चंद्रभान,

जयभीम.

पुडकं आणायला मी जाणार नाही. देशमुखांची मुलगी शोध आणि तिला पाठव.

तुझं पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिणार होते, पण लागली. दिवसभर पोरींचे पेपर तपासून माणूस झोपतोच. सकाळी उठल्यावर मात्र तुझं पत्र पहिलं आठवलं आणि लाज वाटली. तुझी नाही, माझीच, कारण बाबांसमोर ते पान मी पटकन उलटलं होतं. तुझ्यासाठी मीही बनवाबनवी करायला शिकले.

तुला कळमेश्वरचा बाजार आठवतो का रे? तू सात-आठ वर्षांचा होतास, बाबांच्या खांद्यावर बसून जायचास. हॉटेलच्या बाहेर भिंतीत कोनाडा होता आणि त्यात आपल्या लोकांसाठी ठेवलेला एक कान तुटलेला कप. बाबा तो स्वतः काढायचे. हॉटेलवाला वरून, हातभर उंचीवरून चहा ओतायचा, किटलीचा स्पर्श कपाला होऊ नये म्हणून. पिऊन झालं की बाबा तो नळावर धुवायचे आणि परत कोनाड्यात ठेवायचे. तू एकदा मोठ्यांदा विचारलंस, "बाबा, बाकीचे कप कोण धुते?" आणि बाबांनी तुला घरी येईपर्यंत खाली उतरवलं नाही. दसऱ्याला आपण दीक्षेला गेलो तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास. परतताना बाबा हसून म्हणाले, "आजपासून तो कप फुटला."

आता मला खरं लिही. ग्लास कमी पडले होते का?

शामला

केप कोस्ट
१२ नोव्हेंबर १९७४

ताई,

ग्लास कमी पडले नव्हते.

चौदा होते. माणसं एबोला धरून अकरा. देवकीबाईंच्या लग्नातले स्टीलचे ग्लास, प्रत्येकावर नाव घातलेलं. पातेलं माझ्या हातात होतं, कारण मंडळात मी एकटा सडा माणूस, वाढपाचं काम माझ्याकडे. एबोची पाळी आली तेव्हा मी ग्लास उचललेलाही होता. देवकीबाई हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्याला ग्लासात नका हो देऊ. घरात देव असतात आमच्या. तो दुधाचा डबा आहे ना."

त्या वाईट बाई नाहीत. मला ताप आला तेव्हा आठ दिवस पेज त्यांच्याकडून आली होती. मी "नाही" म्हटलं असतं तर फार तर तोंड वाकडं झालं असतं. पण मला वाटलं, नाही म्हटलं तर त्या माझ्याकडे नीट बघतील. नीट बघितलं की कळेल. म्हणून मी ग्लास खाली ठेवला आणि डबा उचलला.

ते एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुला लिहिलं असतं. ताई, मी चहा वरून ओतला. एबो डबा दोन्ही हातांत धरून उभा होता आणि मी हातभर उंचीवरून धार धरली. एक थेंब सांडला नाही. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी ते आयुष्यात कधी केलेलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं, बाबांच्या खांद्यावरून.

तो पिऊन नळाकडे गेला. डबा धुतला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला. मी "थँक यू" म्हणालो.

तीन दिवसांनी मी ते तुम्हाला गंमत म्हणून लिहून पाठवलं. खरंच सांगतो, लिहिताना मला काही टोचलं नाही. बाबांचा प्रश्न तुझ्या पत्रातून आला तेव्हा टोचलं. तरी मी खोटं उत्तर दिलं.

एबोशी मी रोज बोलतो. तो तसाच वागतो. कुमासीला विणकरांचं गाव दाखवायला नेतो म्हणतोय. मी काहीतरी कारण सांगून टाळतो. त्याच्या हाताकडे बघवत नाही.

बाबांना हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझ्यात धमक नाही.

चंद्रभान

इंदोरा
१५ डिसेंबर १९७४

चंद्रभान,

जयभीम. हे पत्र मी माया हातानं लिवून राहिलो, शामलानं नाही. चुकीभूल समजून घे.

तिनं तुयं पत्र मले वाचून नाही दाखवलं. "तब्येत बरी हाये त्याची," इतकंच म्हणे. त्याच्या आधीच्या पत्राचं बी एक पान तिनं पलटवलं होतं. मी शिकेल नाही जास्त, पण पान पलटवल्याचा आवाज मले समजते. ती शाळेत गेली, मी पेटी उघडली अन् सारे पत्रं काढले. बोट ठेवू ठेवू वाचले. दोन दिवस लागले.

राग आला. खोटं काहून सांगू? एक टाइम जेवलो नाही. देशमुखाचा राग कमी आला, धारेचा जास्त आला.

मंग मी धरमपेठेत गेलो. पत्ता चिठ्ठीवर होताच. फाटक वाजवलं अन् म्हटलं, मी मारोतराव गजभिये, चंद्रभानचा बाप, पुडकं न्यायले आलो. त्या बाईनं माया तोंडाकडं पाह्यलं. मंग बराच वेळ फाटकाच्या कडीकडं पाह्यलं. मंग म्हणे, "या, आत या." खुर्चीवर बसवलं. चहा आणला. फुलाफुलाच्या कपबशीत आणला, आपल्या हातानं. मी प्यालो.

आता जे सांगतो ते शामलाले बी सांगितलं नाही. चहा झाला, अन् माया हातानं कप उचलला अन् मी उठून नळ पाहाले लागलो. अठरा वर्स झाले दीक्षा घेऊन. किती पोराईले मी शिकवलं का मान खाली घालू नका. अन् हात आपला उठला. ती बाई म्हणे, "अहो, राहू द्या, राहू द्या." तिचं बी तोंड उतरलं. मले असा घाम सुटला, थंडीच्या दिवसात.

रस्त्यानं येताना इचार केला. तुया हात अन् माया हात एकाच हाटेलात शिकले. पण माया हात उठला तं नुकसान मायंच झालं. तुया हातानं दुसऱ्याचं केलं. हा फरक हाये बाबू, अन् तो लहान नाही. मी तुले माफ करणारा कोण? डबा मले नाही देला तू.

मी इतवारीत गेलो अन् एक ग्लास घेतला. त्याच्यावर नाव टाकवलं. दुकानदार विचारे, "हा एबो कोण?" म्हटलं, माया पोराचा दोस्त. हे खोटं झालं असन तं तू खरं कर.

ग्लास मी त्या बाईजवळच देला हाये. कागदात नाही गुंडाळला. तिले म्हटलं, हे नाव वाचून घ्या, सामानात हरपलं तं ओळखू येईन. तिनं वाचलं.

तो चहा तू ओत. जवळून ओत. अन् एबो प्याला का ग्लास तू धू. त्याले धुवू देऊ नको.

अन् तळघरात माल कोणता होता ते तू अजून लिवलं नाही.

तुया बाप,
मारोतराव

केप कोस्ट
१२ फेब्रुवारी १९७५

बाबा,

जयभीम.

देवकीबाई मागल्या आठवड्यात परतल्या. ग्लास द्यायला त्या स्वतः शाळेत आल्या. "तुमचे वडील आले होते," एवढंच म्हणाल्या, भाऊजी म्हणाल्या नाहीत. जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "मी त्यांना कप धुऊ दिला नाही." रविवारचं बोलावणं आलेलं नाही. माझे रविवार आता मोकळे आहेत.

ज्या माणसाचं आडनाव लपवायचं होतं, त्यालाच ते घेऊन धरमपेठेत जावं लागलं, हे वाचल्यापासून आरशात बघताना मी नुसती दाढी बघतो.

परवाच्या रविवारी मी एबोला म्हटलं, किल्ल्यावर येशील का, आपण दोघंच. स्टोव्ह, पातेलं, चहा-साखर मी घेतली. आधी म्हटलं, खाली तळघरात चल, मागे मी नीट पाहिलं नव्हतं. बाबा, माल म्हणजे माणसं. धरून आणलेली, साखळीने एकमेकांना बांधलेली, एका खोलीत शेकड्यांनी, महिनोन् महिने. भिंतीत वर एक झरोका आहे, चपातीएवढा. जमीन काळी आणि गुळगुळीत आहे. एबो म्हणाला, हा दगड नाही, माणसांच्या घाणीचा आणि घामाचा थर आहे, दगड त्याच्या खाली आहे. समुद्राकडे एक अरुंद दार आहे, तिथून त्यांना जहाजावर चढवत. गेलेलं कुणी परत आलं नाही. ऑगस्टात त्याने हे सगळं आम्हाला टॉर्च धरून सांगितलं होतं. तेव्हा कुणीतरी वरून हाक मारली, "पुऱ्या गार होतायत," आणि आम्ही वर आलो. त्याच खोल्यांच्या छतावर बसून आम्ही अंताक्षरी खेळलो आणि मी त्याच्या हातात डबा दिला.

चौकात मी चहा केला. ग्लास काढला. जवळून ओतला. थोडा बाहेर सांडला. त्याने ग्लास फिरवून अक्षरं पाहिली आणि विचारलं, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. "एबोसाठी. मारोतराव गजभिये, इंदोरा, नागपूर."

"गजभिये कोण?"

"माझे वडील. मीही."

"मग ते लोक तुला देशमुख म्हणतात, तो कोण?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. कोनाड्यातला कप, दीक्षा, देशमुख, डबा आणि ती धार. माझं इंग्रजी मध्येच संपायचं. तो थांबायचा. मी म्हटलं, त्या दिवशी ग्लास कमी नव्हते.

एबो म्हणाला, "मला माहीत आहे. मी मोजले होते."

मी विचारलं, मग तू डबा धुतलास का? तो म्हणाला, "आमच्याकडे पाहुण्याचं भांडं खरकटं परत करत नाहीत. तुम्ही लोक माझ्या गावात पाहुणे होता."

मी रडलो म्हणून लिहिलं तर ते सोपं होईल. मी रडलो नाही, मला तोंड लपवायला जागा हवी होती आणि चौकात ती नव्हती.

तो चहा सगळा प्याला, सावकाश. मी हात पुढे केला. त्याने ग्लास लगेच दिला नाही, पण दिला. मी नळावर जाऊन तो धुतला. धुताना तुम्ही कोरून घेतलेलं आडनाव बोटाला लागत होतं. त्याने ग्लास रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "वडिलांना सांग, आवडला." दुकानदाराला तुम्ही जे सांगितलं ते खरं झालं का, हे मला अजून माहीत नाही. विणकरांच्या गावी जायचं त्याने पुन्हा काढलेलं नाही आणि ते मी काढायचं नाही, एवढं मला कळतं.

मी नाही म्हणू शकलो असतो, हे मात्र रोज आठवतं.

हे पत्र पुढच्या रविवारी विहारात वाचा. सुरुवातीच्या जयभीमपासून शेवटपर्यंत वाचा. ताईला सांगा, एकही पान उलटू नकोस.

तुमचा,
चंद्रभान मारोतराव गजभिये